उदय, विस्तार आणि फूट

शाळेत इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा. 'अमुक साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे लिहा.' साम्राज्य कुठलंही असलं तरी कारणं तीच. नादान वारसदार, अंतर्गत कलह, रिता खजिना आणि परकीय आक्रमण. ही चार पाठ असली की गुप्तांपासून मोगलांपर्यंत कुणालाही मातीत घालता यायचं. आमच्या वर्गातल्या एकाने तर पेशवाईची कारणं विजयनगरच्या नावावर लिहिली होती आणि मास्तरांनी त्याला दहापैकी सात दिले होते.

पुढे आयुष्यात साम्राज्यं काही वाट्याला आली नाहीत. गृहनिर्माण सोसायट्या आल्या, गणेशोत्सव मंडळं आली, ऑफिसातली भिशी आली, आणि त्या सगळ्यांच्या ऱ्हासाला हीच चार कारणं पुरली. फक्त एका जातीच्या संस्थेला ती नीट बसत नाहीत. चारपाच माणसं एकत्र येऊन गाणंबजावणं करतात, ती संस्था. तिला पूर्वी मंडळी म्हणत, मग पार्टी म्हणू लागले, मग ऑर्केस्ट्रा आला, आता बँड म्हणतात. (वरातीतला बँड यात धरू नये. त्याने पुढच्या तीन लग्नांची सुपारी घेतलेली असते, फुटायला त्याला सवड कुठली?) या संस्थेत वारसदार नसतातच. खजिना बऱ्याच वेळा भरलेला असतो. परकीय चाल करून येत नाही, उलट टाळ्या वाजवतो. आणि अशा ऐन भरात एके दिवशी सकाळी कळतं की मंडळी फुटली.

आपल्याला हे नवीन नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि किर्लोस्कर मंडळी उभी राहिली. तेहतीस वर्षांनी, १९१३ साली, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे तिच्यातून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे टेंबे त्याही मंडळीतून बाहेर पडले. मग बोडसही पडले. आमच्या घरात दोन पिढ्या यावर वाद चालू होता. आजोबा बोडसांच्या बाजूचे आणि त्यांचे धाकटे भाऊ गंधर्वांच्या. दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं नव्हतं, पण दिवाळीच्या फराळाला हा विषय काढायचा नाही असा आजीचा हुकूम होता. कोण चुकलं हे आजतागायत ठरलेलं नाही. घरोघर असंच असतं. बँड फुटला की श्रोत्यांचाही बँड फुटतो.

हे सगळं मला तोरणमाळला आठवायचं कारण माझा भाचा. भाचा मोठा गुणी. नाशकात शिकताना त्याने आणि तीन मित्रांनी मिळून बँड काढला होता. हा त्यात बेस गिटार वाजवायचा. बेस म्हणजे चार तारांची ती जाड गिटार. ती वाजत असली तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि थांबली की गाण्याच्या पायाखालची फरशी निघाल्यासारखं वाटतं. चार वर्षं बँड बरा चालला. मग भाचा बँकेत लागला आणि पहिली नेमणूक शहाद्याला झाली. शहाद्याहून नाशिक म्हणजे एसटीने अर्धा दिवस. शनिवारी बँक सुटली की हा गिटार खांद्याला मारून धुळ्यामार्गे निघायचा, रविवारी तालीम करून सोमवारी सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी काउंटरवर बसायचा. असं काही महिने चाललं. नंतर मित्रांनी फोन करून, अगदी गोड शब्दांत, दुसरा बेसवाला घेतल्याचं कळवलं.

ताईचा मला फोन. "दादा, तू जा त्याच्याकडे चार दिवस. जेवत नाही, बोलत नाही. त्याला जरा समजावून सांग." काय समजावून सांगायचं ते ताई सांगत नाही, कधीच सांगितलेलं नाही. मी शहाद्याला गेलो आणि जोडून सुटी आली तसे आम्ही दोघे तोरणमाळला निघालो.

म्हसावदवरून गाडी सातपुड्याला लागते. साडेतीन हजार फुटांवर चढायचं म्हणजे घाट आलाच, आणि हा सात पायरीचा घाट गाडीतल्या प्रत्येकाला आपापल्या कुलदैवताची आठवण करून देतो. वर पोचलं की मात्र एकदम सगळं निवांत. यशवंत तलाव, झाडी, थंड वारा, थोडी घरं. सीताखाईच्या काठावर उभं राहिलं की खाली पाहवत नाही आणि पाहिल्याशिवाय राहवत नाही. महाबळेश्वरात असतात तसे मक्याच्या कणसावाले आणि घोडेवाले अंगावर येत नाहीत. फोनला रेंज नव्हती. म्हणजे समजावून सांगायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती, आणि पळून जायला मलाही वाट नव्हती.

तोरणमाळ हे नाथांचं ठाणं. गोरक्षनाथांचं मंदिर इथे आहे, महाशिवरात्रीला त्याची मोठी यात्रा भरते. मच्छिंद्रनाथांची गुहाही इथेच आहे. गुरू एकीकडे आणि चेला दुसरीकडे, ही मांडणी पाहून भाचा तीन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी बोलला. म्हणाला, "यांचंही फुटलं होतं का?"

तसं म्हटलं तर फुटलं होतं. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गेले आणि तिथेच रमले ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. गोरक्षनाथ त्यांना आणायला गेले ते उपदेशाची पोथी घेऊन गेले नाहीत. नाचगाण्याच्या ताफ्यात शिरले आणि दरबारात मृदंग वाजवला. त्या मृदंगाच्या बोलांतून गुरूला हाक ऐकू आली. माझ्या माहितीत, फुटलेली मंडळी पुन्हा जमवण्यासाठी वाद्य वापरल्याची ही सर्वांत जुनी हकीकत. एरवी आपल्याकडे त्यासाठी वकील लावतात.

भाचा जरा खुलला आहे असं पाहून मी त्याला विचारलं की बँड फुटण्याच्या इतिहासाबद्दल त्याला काय माहीत आहे. त्याने अमेरिकेपासून सुरुवात केली. या मुलांचा इतिहास तिथूनच सुरू होतो.

लॉस एंजेलिसमध्ये १९८५ साली 'हॉलीवूड रोझ' आणि 'एल. ए. गन्स' या दोन बँडांतली माणसं एकत्र आली आणि दोन्ही नावं जोडून 'गन्स अँड रोझेस' हा बँड झाला. ज्याच्यावरून 'गन्स' आलं तो ट्रेसी गन्स थोड्याच महिन्यांत निघून गेला. नाव राहिलं. आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांच्या पाटीवर नाही का एक भागीदार असतो, जो कुणीच पाहिलेला नसतो? त्याच्या जागी स्लॅश नावाचा, डोक्यावर उंच टोपी आणि तोंडावर केस असलेला गिटारवाला आला. १९८७ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या एकट्या अमेरिकेत १ कोटी ८० लाख प्रती गेल्याचं प्रमाणपत्र आहे. इथवर उदय आणि विस्तार. १९९० साली ढोलवाल्याला व्यसनापायी काढलं. १९९१ साली दुसरा गिटारवाला आपण होऊन गेला. त्याच वर्षी सेंट लुईसला अॅक्सल रोझ हा गायक गाता गाता प्रेक्षकांत उडी मारून कॅमेरा आणणाऱ्या एका माणसाच्या अंगावर गेला, कार्यक्रम बंद पडला आणि दंगल झाली. पुढच्या वर्षी मॉन्ट्रियलला कार्यक्रम अर्धवट सोडला, पुन्हा दंगल. अडीच वर्षांचा जगभरचा दौरा १९९३ च्या जुलैत संपला, तेव्हा सगळ्यांना एकमेकांचा पुरेसा परिचय झाला होता. १९९६ साली स्लॅश बाहेर पडला. राहिलेल्या गायकाने नव्या माणसांना घेऊन पुढची ध्वनिमुद्रिका काढली ती २००८ साली. आमच्या सोसायटीच्या लिफ्टलाही इतकी वर्षं लागली नाहीत.

मी म्हटलं, हे ठीक आहे, पण हा सगळा परमुलुखाचा इतिहास. ऱ्हासाची कारणंही तिकडचीच. आता आपल्याकडची बखर ऐक. भाचा माझ्याकडे पाहत राहिला. नाट्यसंगीताच्या कॅसेटी साठवणारा मामा रॉकबद्दल काय सांगणार, असा तो चेहरा होता. पण १९८० च्या दशकात माझं ऑफिस धोबीतलावाला होतं, आणि ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर रंगभवन होतं.

रंगभवन म्हणजे वर आकाश असलेलं थिएटर. १९७८ साली तिथे जॅझ यात्रा सुरू झाली आणि जगभरचे मोठमोठे जॅझवाले तिथे वाजवून गेले. १९८६ पासून फरहाद वाडियांनी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास 'इंडिपेंडन्स रॉक' भरवायला सुरुवात केली. त्या दिवसांत ऑफिसातून व्हीटीला चालत जाताना रस्त्यावर काळ्या बनियनवाल्या पोरांची गर्दी दिसायची. सगळ्यांचे केस लांब. आमच्या हेडक्लार्कना शंका यायची की न्हाव्यांचा संप आहे. आत काय चाललं आहे हे बघायला तिकीट काढायची गरज नव्हती. ते मरीन लाइन्सपर्यंत ऐकू यायचं.

या पोरांचा लाडका बँड होता 'रॉक मशीन'. १९८४ साली मुंबईत निघाला. म्हणजे गन्सवाल्यांच्या एक वर्ष आधी, हे भाच्याला मी दोनदा सांगितलं. सुरुवातीला गायक वेगळा होता, मग उदय बेनेगल आला. इतिहासाच्या पुस्तकात 'उदय' हे प्रकरण असतं, इथे तो प्रत्यक्ष माणूसच होता. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी. कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. बेसवर मार्क सेल्विन. ढोलवाले बदलत गेले. आता ही नावं नीट वाचा. एवढ्या जातीधर्मांची माणसं मुंबईत एरवी फक्त लोकलच्या एका बाकावर बसतात. तिनईकर या नावावर तर माझा विशेष लोभ. त्याच सुमाराला मुंबईचे महापालिका आयुक्तही एक तिनईकर होते, कडक शिस्तीचे. म्हणजे एक तिनईकर शहराला शिस्त लावत होते तेव्हा दुसरे रंगभवनावर शिस्त मोडायला शिकवत होते.

हल्लीच्या मुलांना त्या काळात रॉक वाजवणं म्हणजे काय होतं ते सांगून खरं वाटत नाही. विलायती गिटारीवर एवढी जकात की गिटारीच्या किमतीत स्कूटर यावी. गिब्सन नावाची नामांकित अमेरिकन गिटार असते. आपल्याकडे कोलकात्यात 'गिवसन' नावाची निघायची, आणि बहुतेकांची बोटं या धाकट्या बहिणीवरच घासली गेली. तार तुटली की परदेशातून येणाऱ्या कुणाच्या तरी मावसभावाची वाट बघायची. दूरदर्शन एकच, आणि त्यावर इलेक्ट्रिक गिटार दिसायची ती सिनेमात नायक हॉटेलात गातो तेव्हा. ती पण बिनतारेची, म्हणजे वीज कुठून येते ते दिग्दर्शकालाच माहीत.

पण खरी अडचण वेगळी होती. कॉलेजातल्या पोरांना विलायती गाण्यांच्या नकला हव्या असायच्या. नक्कल जितकी हुबेहूब तितका बँड मोठा. एखाद्याने स्वतःचं गाणं सुरू केलं की खालून ओरडा सुरू. आपल्याकडे संगीत नाटकाला जाऊन बालगंधर्वांच्याच जागा मागणारे लोक होते, तशीच ही जात. रॉक मशीननेही नकलांपासूनच सुरुवात केली होती, आणि चांगलं नाव कमावलं होतं. मग त्यांनी ठरवलं की आता आपलीच गाणी वाजवायची. चालणारं दुकान बंद करून शेजारी नवं उघडण्याचा हा प्रकार. मला त्यांची गाणी समजली असं मी म्हणणार नाही. इंग्रजीत असायची आणि इंग्रजीही ऐकू यायचं नाही. पण या एका निर्णयाबद्दल मी त्या मंडळींना नाट्यसंगीताच्या पंगतीत बसवायला तयार आहे. १९८८ साली त्यांची 'रॉक अँड रोल रेनेगेड' ही ध्वनिमुद्रिका निघाली, १९९० साली 'द सेकंड कमिंग'. हार्ड रॉकमध्ये स्वतःची गाणी घेऊन आपल्याकडे इतक्या ठामपणे उभा राहिलेला बँड तोवर क्वचितच कुणी पाहिला असेल.

१९९१ साली घरात केबलच्या तारा शिरल्या आणि त्यांच्यातून एमटीव्ही आला. आता आमच्या घरातल्यांनाही कळलं की रंगभवनातली ती पोरं कशी दिसतात. 'प्रिटी चाइल्ड' हे त्यांचं गाणं तिथे लागायचं. आमच्या हिची प्रतिक्रिया एवढीच होती की मुलगा चांगल्या घरचा दिसतो, केस कापायला हवेत.

१९९३ साली, इकडे गन्सवाले शेवटचा दौरा आटपत होते त्याच वर्षी, रॉक मशीनने नाव बदललं. 'इंडस क्रीड' झाले. म्हणजे यंत्र टाकून सिंधू घेतली. गाण्याचा बाजही बदलला, निव्वळ हार्ड रॉकचा धडाका कमी झाला. १९९५ साली नव्या नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. दहा वर्षांत गावोगाव, कॉलेजोकॉलेजी कमावलेलं नाव टाकून देणं सोपं नसतं. माहेरचं नाव बदललेल्या कुठल्याही बाईला विचारा.

आणि १९९७ साली बँड बंद झाला.

भाच्याने कारण विचारलं. इथे माझी चार कारणं पुन्हा उपयोगी पडेनात. दंगल झाली नव्हती, कुणी प्रेक्षकांवर उडी मारली नव्हती. मला जे दिसतं ते असं. ज्या वाहिन्यांनी यांना घराघरांत नेलं त्यांनाच १९९६ च्या सुमाराला शोध लागला की लोकांना हिंदी जास्त आवडतं. १९९५ साली अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं, पुढच्या वर्षी लकी अली आला, आणि पडद्यावर इंग्रजीत गाणाऱ्या देशी पोरांना जागा उरेना. परकीय आक्रमणाने राज्य जातं हे आम्ही शिकलो होतो. इथे परकीय वाहिन्या देशी झाल्या आणि परकी भाषेत गाणारे देशी लोक उघडे पडले. असा प्रश्न आमच्या पेपरात आला असता तर सगळा वर्ग नापास झाला असता. शिवाय तेरा वर्षं झाली होती. वयाच्या विशीत लोकांनी दगड मारले तरी माणूस वाजवतो. पस्तिशीकडे झुकल्यावर तोच माणूस घरभाड्याचा हिशेब मांडतो. मच्छिंद्रनाथांच्या झोळीतली सोन्याची वीट गोरक्षनाथांनी फेकून दिली आणि वाटेतली भीती संपली, असं कथेत आहे. संसारी माणसाच्या झोळीत वीट नसते, आणि भीती असतेच.

बेनेगल आणि जयेश गांधी यांनी 'आम्स फॉर शांती' नावाचा वेगळा बँड काढला आणि न्यूयॉर्क गाठलं. रंगभवनही नंतर गप्प झालं. आजूबाजूला रुग्णालयं, कॉलेज, आणि ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. शांतता क्षेत्रात रॉक कसा वाजणार? नियम योग्यच आहे. माझीच एक मावशी शेजारच्या रुग्णालयात होती तेव्हा मीही त्या पोरांना मनातून शिव्या दिल्या होत्या. तरीही त्या बाजूने जाताना ऑगस्टमध्ये कान उगाच टवकारतात.

अंधार पडला तसा तलावापलीकडून कुठून तरी ढोल ऐकू आला. सातपुड्यातले ढोल काय चीज आहे हे होळीच्या दिवसांत इकडे आल्याशिवाय कळत नाही. काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोल घुमतात, कमरेला भोपळे बांधून माणसं नाचतात, आणि त्यातल्या एकाचंही नाव कुठल्या भित्तिपत्रकावर छापलेलं नसतं. भाचा कान देऊन ऐकत होता. बोटं मांडीवर चालली होती. बेसवाल्याची बोटं अशी आपोआप चालतात, ती थांबली की काळजी करावी.

"पुढे काय झालं?" त्याने विचारलं. "संपलंच का?"

संपलं नव्हतं. फुटलेल्या मंडळ्या पुन्हा एकत्र येतात हेच तर मला सांगायचं होतं. १९२१ साली जुलैच्या ८ तारखेला टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक, मुंबईत एकाच रंगमंचावर 'मानापमाना'त उभे राहिले. गन्सवाले २०१६ साली पुन्हा एकत्र आले, आणि २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर वाजवूनही गेले. इंडस क्रीड तर त्यांच्या सहा वर्षं आधी, २०१० साली, पुन्हा जमला. २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' ही ध्वनिमुद्रिका काढली. सतरा वर्षांनी.

"तेच सगळे?"

इथे मी क्षणभर थांबलो. मामा म्हणून एक उत्तर होतं आणि इतिहासकार म्हणून दुसरं. ताईने समजावून सांगायला पाठवलं होतं, बखर सांगायला पाठवलं नव्हतं. पण हा मुलगा बँकेत आहे. खोटी बेरीज त्याला लगेच कळते.

"बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया जुने," मी म्हटलं. "ढोलवाला नवा, जय राव कवी."

"आणि बेस?"

"रुशाद मिस्त्री."

भाचा बराच वेळ तलावाकडे बघत बसला. ढोल थांबला होता. रेस्टहाउसच्या माणसाने पिठलंभाकरी तयार असल्याची हाक दिली, ती आम्ही दोघांनीही ऐकली न ऐकल्यासारखी केली.

"कसा वाजवतो?" त्याने विचारलं.

"कोण?"

"नवा बेसवाला."

"चांगला वाजवतो," मी म्हटलं.